कुंदाचं धुवण

कुंदा, कॉलेजच्या शोकसभेत मी बोलले नाही. प्राचार्यांनी खुणावलं, मी खाली बघितलं. पुन्हा खुणावलं, मी चष्मा पुसत बसले. बोलले असते तर भांडले असते, आणि फोटोला हार घातलेल्या बाईशी भर सभेत भांडणं बरं दिसत नाही. मग बाकीचे बोलले. तू शांत होतीस म्हणे. तू सोशिक होतीस म्हणे. तुझा आवाज प्रयोगशाळेतून खाली सायकल स्टँडपर्यंत ऐकू यायचा, आणि त्याच इमारतीत बसून लोक तुला सोशिक ठरवत होते. तू असतीस तर पहिल्या रांगेतून उठून विचारलं असतंस, "कोन मेलंय नक्की? मी, का दुसरीच कोन?"

तुझं तेरावं परवा झालं. मी अजून चिडलेली आहे. रडून झालं, पण राग जात नाही, आणि तो कोणाजवळ काढायची सोय नाही. इतकी वर्षं माझा राग काढायची जागा तूच होतीस.

गेल्या दिवाळीपासून आपण बोलत नव्हतो. एका खोलीत, एका भट्टीवर, एका बेसिनवर काम करत होतो आणि बोलत नव्हतो. मधे बिचारा गजूमामा. रसायनाच्या प्रयोगशाळेतला शिपाई, निवृत्तीला आलेला, त्याला आपण पोस्टमन करून टाकलं. तू माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहून त्याला म्हणायचीस, "मॅडमना विचारा, भट्टी कधी मोकळी हुनार." तो माझ्याकडे वळून तेच म्हणायचा. मी म्हणायचे, "सांगा, चारला." तो पुन्हा वळायचा. एकदा तो वैतागून म्हणाला, "आवो, तुमाला दोगींना कान हायत ना?" तेव्हा तू हसलीस. मी बघितलं. तू हसलीस, आणि लगेच तोंड फिरवलंस.

आणि याच दिवसांत तुझ्या पोटात कॅन्सर होता. स्टाफरूमला माहीत होतं. ऑफिसला माहीत होतं. कँटीनवाल्यालासुद्धा माहीत होतं, तो तुला बिनमसाल्याची डाळ वेगळी काढून ठेवायचा. फक्त मला माहीत नव्हतं, कारण तू सगळ्यांना बजावलं होतंस की नीलाला कळता कामा नये. तू उपचारांना मुंबईला जायचीस आणि मला सांगितलं जायचं की कुंदा मॅडम भाचीच्या लग्नाला गेल्यात. त्या एकाच भाचीचं लग्न तीन वेळा लागलं, कुंदा. ते सांगताना कोणाची जीभ अडखळली नाही. तुला काय वाटलं होतं, मी दया दाखवीन? मी तुला दया दाखवली असती का कधी? मी भांडले असते, डॉक्टरांशी भांडले असते, तुझ्याशी तर रोजच भांडले असते. तो माझा हक्क होता आणि तो तू काढून घेतलास.

हे कुठे छापून आलं तर लोक विचारतील की पन्नाशी उलटलेल्या दोन बायकांनी अबोला धरला तो कशावरून. तर जेलवरून. सांगून टाकते, तसंही तू सांगायला येणार नाहीस.

भाताच्या तुसात सिलिका असते, वाळूत असते तीच. कापडे गावातल्या भातगिरणीतून तूस आणायचा, जाळायचा, राख कॉस्टिक सोड्यात उकळायची आणि गाळून घ्यायची. त्या गाळलेल्या पाण्यात ॲसिड घातलं की ते खरवसासारखं थिजतं. हे जेल. त्याच्या चकत्या वाळवल्या की आतून सगळी बारीक बारीक भोकं असलेली हलकी चकती मिळते. ती भट्टीत तापवली की भोकं मिटत जातात, चकती आक्रसते, आणि नशीब असेल तर तिची काच होते. नशीब नसेल तर ती फुगते, नाहीतर पांढरी पडून तिचा खडू होतो. आपलं सगळं भांडण या 'नशीब' शब्दावर होतं.

तू म्हणायचीस, नशीब भट्टीत ठरतं. आच सावकाश चढव, मधे थांब, आतलं पाणी निघून जाऊ दे, आधीचं सगळं निस्तरतं. मी म्हणायचे, भट्टी काही निस्तरत नाही. ॲसिड किती घातलं, थेंब थेंब की भसकन, जेल मुरू दिलं की नाही, धुतलं की नाही, हे सगळं चकतीच्या अंगात बसलेलं असतं. भट्टी फक्त ते चव्हाट्यावर आणते.

माझं जेल आंबट, थिजायला दिवस घेणारं, पाण्यासारखं नितळ. तुझं चहा संपेपर्यंत थिजायचं, दुधाळ, जाड जाळीचं. "आमी गावाला, कुडपनला, लायटीची वाट बगितली, रस्त्याची वाट बगितली, गाडीची वाट बगितली," तू म्हणायचीस. "आता या खरवसाची वाट बगू का मी?" आणि तुझ्या घाईत खरोखर एक गुण होता. माझ्या बारीक भोकांत पाणी अडकून राहायचं. ते बाहेर पडायच्या आधी भोकं मिटायची आणि चकती पापडासारखी फुगायची. तुझ्या जाड जाळीतून वाफ सुटून जायची. हे मी तुला त्याच वेळी म्हटलं होतं, गजूमामासमोर म्हटलं होतं. पण तुला अर्धं बरोबर असणं कधी पुरलंच नाही. तुला अख्खंच बरोबर ठरायचं असायचं.

कारण उरलेलं अर्धं होतं धुण्यात. जेल थिजलं की त्यात मीठ उरतं. ते धुऊन काढावं लागतं, डिस्टिल्ड पाण्यानं, पुन्हा पुन्हा, पाणी बदलून. मीठ राहिलं की काच होता होता चकतीचा खडू होतो. मी धुवायचे. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचे. पाणी दुधी झालं की समजायचं मीठ आहे, परत धुवा. थेंब टाकूनही पाणी नितळ राहीपर्यंत धुवायचे. तू दोनदा पाणी बदलायचीस आणि म्हणायचीस, पुरे. माझ्या बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग पडायचे ते सगळ्यांना दाखवायचीस. "बगा, पुनेकरणीची धुनीभांडी." मी जन्माची महाडची, पुण्याला फक्त एमएस्सीला होते, पण तुझ्या लेखी मी मरेपर्यंत पुणेकरीण. तुझ्या मरेपर्यंत, असं म्हणायला हवं आता.

मग बिरवाडीच्या बाजूच्या कारखान्यातले ते दोघे आले. तुसापासून काच होते हे त्यांना बघायचं होतं. चकती तुझी होती, भट्टी तू चढवलीस, दार तू उघडलंस, आणि आत खडू. तू म्हणालीस भट्टीचा काटा चुकीचा दाखवतो. ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "काटा ठीक आहे. चकती नीट धुतलेली नाही." तुझं तोंड लाल झालं. "धुतली हुती," तू म्हणालीस, आणि ते तुझं माझ्याशी शेवटचं सरळ बोलणं.

नव्हती धुतलीस, कुंदा. आजही हेच म्हणेन. पाहुण्यांसमोर खोटं बोलून तुला वाचवायला मी काय तुझी वहिनी होते?

वहिनीवरून आठवलं. गजूमामाचा फोन आला तेव्हा मला आधी वाटलं, भट्टीचंच काही; मग त्यानं तू गेल्याचं आणि कॅन्सरचं एकदमच सांगितलं. पोलादपूर सोडून घाट चढताना मी गाडीत तुझ्यावर ओरडत होते, ड्रायव्हर आरशातून बघत होता. वैशाखाचं ऊन. कुडपणच्या सड्यावर, त्या उघड्या कातळावर, गवताची काडी हिरवी नव्हती. दारात टँकरचं पाणी भरलेली पिंपं उभी होती, आणि तुझ्या घरात बायका तुला आंघोळ घालत होत्या. मी बाहेर थांबले. तुझ्या वहिनीनं पडवीत येऊन मला हाताला धरून आत नेलं.

"मॅडम, जरा हिची बोटं बगा," ती म्हणाली. "चुना लावून बगितला, लिंबू लावून बगितलं, निगत नाय. लोकं म्हंतात इखाचा डाग हाय, कॉलेजातल्या औशदानं गेली. खरं काय ते तुमीच सांगा."

तुझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं काळी होती. काळीही नाही, आपल्याला माहीत असलेली ती जांभळट काळी. मला ओळखायला क्षण लागला नाही. माझी स्वतःची बोटं वर्षातून कितीदा तशी होतात.

मी म्हटलं, "विष नाही हो. चांदीचं औषध असतं, त्याचा डाग आहे. काही करू नका, आठवडाभरात आपोआप जातो."

सवयीनं बोलले. पोरांना सांगते तसं. वहिनीनं माझ्याकडे बघितलं, "बरं" म्हणाली, आणि अंगावरच्या लुगड्याचा पदर ओढून तुझा हात झाकला.

मग एक बाई तांब्यानं जपून जपून पाणी घालत होती, तिच्यावर वहिनी ओरडली. "ओत गो, चांगलं ओत. आज तरी ओत. जीव असता तर आपल्यालाच वरडली असती." आणि मला म्हणाली, "तिला पानी ओतल्यालं सोसायचं नाय, मॅडम. ल्हानपनी झऱ्यावर नंबर लावून बसायची, थेंब थेंब गळायचं, तवा कुटं हंडा भरायचा. एकदा चढावर घसरली, सगळा हंडा सांडला, तर घरी यायला तयार नाय. मोठी झाली, मास्तरीन झाली, तरी लग्नाघरी पेल्यातलं उरल्यालं पानी बादलीत गोळा करायची. लोकं हसायची. म्हनायची, हसा. आमच्या हितं तांदळाचं धुवन पन गुरांच्या तोंडी जातं, ते ओतायचं नसतं."

मी तुझ्या पायांशी उभी होते आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. तुला बघून रडायला यायच्या आधी राग आला. वीस वर्षं, कुंदा! वीस वर्षं तू मला सांगत राहिलीस की जास्त धुण्याची गरज नाही, पुस्तकं काहीही लिहितात, पुणेकरणीचे चोचले. एकदाही म्हणाली नाहीस की नीला, डिस्टिल्ड पाणी थेंब थेंब गळताना मला झरा दिसतो आणि ते बेसिनमध्ये ओतवत नाही माझ्याच्यानं. एवढं एक वाक्य. मी हसले असते असं वाटलं तुला? मी महाडची, दर पावसाळ्यात पुराच्या पाण्याला शिव्या देणाऱ्या गावातली, खालच्या मजल्यावरचं सामान वर चढवण्यात ज्यांचा श्रावण जातो त्यांच्यातली. मला झरा कसा दिसणार? कोणीतरी सांगितल्याशिवाय कसा दिसणार? तू मला तुला आळशी समजू दिलंस. तुला आळशी म्हणवून घेणं परवडलं, पण हे सांगणं परवडलं नाही. हा कुठला माज म्हणायचा?

आणि राखेचं मात्र कौतुकानं सांगितलंस. तेव्हा तोंड उघडं होतं तुझं. मी तूस भट्टीत जाळला, जास्त तापला, राख कडक झाली, सोड्यात विरघळेना. तू तूस मागच्या अंगणात पसरलास, शेतात राब भाजतात तसा, वर माती लावून धुमसत ठेवलास, ज्वाळ म्हणून उठू दिली नाहीस. हाताला पिठासारखी लागणारी राख निघाली. ती लगेच विरघळली. तू मला दोन दिवस चिडवलंस आणि मी ते दोन दिवस अजून जपून ठेवलेत. जेलची सुरुवात राखेपासून होते हे मला तू शिकवलंस. म्हणजे जे आधी होतं तेच शेवटी भट्टीत दिसतं, हे माझंच म्हणणं तू मला शिकवलंस, आणि मग आयुष्यभर त्याच्या विरुद्ध भांडलीस.

कुडपणहून आल्यावर मी प्रयोगशाळा उघडली. तुझ्या फळीवर लोणच्याच्या जुन्या बरण्या, तोंडाला फडकं बांधलेल्या, आत वाळत पडलेल्या चकत्या. एकाही बरणीवर चिठ्ठी नाही. अर्थातच नाही. बाटलीवर नाव लिहिणं म्हणजे तुला स्वतःच्या स्मरणशक्तीचा अपमान वाटायचा. आता ती स्मरणशक्ती गेली आणि मी फळीसमोर उभी. गजूमामा म्हणाला, मी पेपर तपासायला मुंबईला गेले होते त्या दिवसांत तू रोज यायचीस. रिक्षानं यायचीस, स्टुलावर बसून काम करायचीस, मधेच बाकावर आडवी व्हायचीस. "मला म्हनल्या, नीलाला सांगाल तर तुमच्याशी पन बोलनार नाय." म्हणजे वेळ साधून यायचीस. माझ्या पाठीमागे.

आणि टेबलाखाली कॅन होत्या. पांढऱ्या, झाकणाच्या, भिंतीलगत ओळीनं लावलेल्या, सगळ्या तोंडोतोंड भरलेल्या. मी पहिलीचं झाकण काढून परीक्षानळीत थोडं पाणी घेतलं आणि सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. दह्यासारखं पांढरं झालं. दुसरीतलं घेतलं, थोडं पातळ. पुढची, आणखी पातळ. शेवटच्या कॅनमधलं पाणी थेंब टाकूनही नितळ राहिलं. मी नळी उजेडात धरून किती वेळ बघत होते कोण जाणे.

तू धुतलं होतंस. माझ्यासारखं, शेवटपर्यंत धुतलं होतंस. आणि त्यातला एक थेंबही ओतला नव्हतास.

एक चकती भट्टीत घातली. दुधाळ होती, म्हणजे थिजवली तुझ्याच पद्धतीनं, झटपट, जाड जाळीची. तिथे तू तसूभर हलली नव्हतीस. आच मी तू सांगायचीस तशीच चढवली, सावकाश, मधे थांबत. तुझ्यावर उपकार म्हणून नाही. मला माझ्या बाजूनं काही कच्चं राहायला नको होतं. काटा शेवटाला टेकवला, मग भट्टी आपोआप निवू दिली. दार उघडताना गजूमामा मागे येऊन उभा राहिला.

फुगली नव्हती. खडू झाली नव्हती. आक्रसून अंगठ्याच्या नखाएवढी झाली होती, थोडी निळसर, थोडी धूसर, पण काच. गजूमामानं ती वर्तमानपत्रावर ठेवली आणि वाकून तिच्यातून खालचा मथळा मोठ्यानं वाचला. चकती सरकवत, एकेक अक्षर. मग डोळे पुसले.

ती तुझी जाळी आणि माझं धुणं. दोन्ही लागतं. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी आपण दिवाळीपासून गजूमामाला मधे उभं केलं. आणि तुला हे कळलं होतं, किंवा कळेल असं वाटलं होतं, आणि तू स्टुलावर बसून, पोट धरून, पाणी बदलत राहिलीस, आणि मला हाक मारली नाहीस. मुंबई काही परदेशात नाही. फोन करायचा होतास. "पुनेकरीन, ये, तुझी धुनी धुतेय मी," एवढं म्हणायचं होतंस. मी पेपरांचे गठ्ठे तिथेच टाकून आले असते. पाणी मी ओतलं असतं. तुला बघवलं नसतं तर तुला बाहेर बसवून ओतलं असतं.

लोक म्हणतात, शेवटी तिनं तुमचं मान्य केलं हो, समाधान माना. कसलं समाधान? अर्धं मान्य केलंस. उरलेल्या अर्ध्यावर मला तुझ्याशी भांडायचंय. ही चकती इतकी धूसर का? तुझी जाळी थोडी जास्तच जाड आहे, थोडं ॲसिड वाढवलं तर? तू नाही म्हणशील. मी का म्हणेन. हे कोणाशी बोलू आता? तुझ्या जागी नवीन मुलगी येणार आहे, हुशार आहे म्हणतात. ती बरण्यांवर नावं लिहील. माझ्याशी अदबीनं बोलेल.

ती यायच्या आधी खोली साफ करायला सांगितलीय. काल गजूमामानं टेबलाखालच्या कॅन ओढून बेसिनपाशी आणल्या. "मिठाचं पानी हाय, मॅडम. झाडांना चालायचं नाय, गुरांना चालायचं नाय. ओतून टाकू?"

मी म्हटलं, थांबा, मी करते. पहिली कॅन उचलली. जड होती. तू ही कशी सरकवलीस त्या हातांनी, देव जाणे. बेसिनच्या काठावर टेकवली, झाकण काढलं, वाकडी केली. पाणी तोंडाशी आलं.

कॅन परत टेबलाखाली ठेवल्यात. ओळीनं, होत्या तशा.

हा तुझाच रोग मला लागला, कुंदा, आणि मला त्याचा भयंकर राग आहे. मिठाचं पाणी, कोणाच्या उपयोगाचं नाही, आणि ओतवत नाही माझ्याच्यानं.